तू ‘नजर’ म्हणालीस

परवीन,

तू दोरा दातात धरलास की मगच मला बोलायला सुचायचं. खुर्चीत मान मागं टाकायची, डोळे मिटायचे, दोन बोटांनी पापणी आणि कपाळ ताणून धरायचं, एवढं काम माझं. दोऱ्याचं एक टोक तुझ्या दातांत, दुसरं हातात आणि मधला पीळ माझ्या भुवईवर सरसर फिरत असायचा. तेवढा वेळ तुला फक्त ‘हं’ म्हणता यायचं. मी एरवी गप्प बसणारी बाई. पण तेवढ्या वेळात शाळेतल्या कटकटी, घरातलं, नुकतं वाचलेलं, सगळं तुझ्यापुढं ओतायचे. भुवई झाली की तू दोरा काढायचीस आणि माझ्या एवढ्या बोलण्याचं एका वाक्यात भरीत करायचीस. एकदा म्हणालीस, “वर्गात बोलतेस कशी गं तू? का तिथं पोरांच्या दातात दोरा देतेस?”

आज पुन्हा माझी पाळी आहे. तू ऐकतेस असं धरून लिहिते. तू नको म्हणाली होतीस अशी एक गोष्ट मी केली आहे. ती सांगायलाच बसले आहे, पण तिच्यापर्यंत यायला मला वेळ लागणार. तुला हे आवडायचं नाही. लहानपणी अम्मीच्या शेजारी बसून तू विड्या वळायचीस आणि मी शाळेच्या कपाटातलं गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायचे, तेव्हा दुसऱ्याच पानावर तू मला थांबवायचीस. “शेवट सांग की आधी. ती जगते का मरते? मरत असंल तर मी ऐकत न्हाई.” या वेळी तो प्रश्न उरलेला नाही. म्हणून सुरुवातीपासून सांगते.

आपण तिसरीत होतो. तुझे अब्बा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. एक दिवस त्यांचा डबा घरी राहिला आणि अम्मीनं तुला कुणाच्या तरी सायकलवर बसवून तो द्यायला पाठवलं. तू शेडच्या दारात उभी राहिलीस. आत एवढा खडखडाट की अब्बांना तुझी हाक ऐकू गेली नाही. तेवढ्यात एका मागावरचा धोटा उडाला. आडव्या सुताची कांडी पोटात घेऊन या टोकाकडून त्या टोकाला पळणारा तो लाकडाचा तुकडा, त्याला लोखंडी टोकं असतात. तो तुझ्या उजव्या भुवईच्या वर लागला. टाके पडले, जखम भरली, पण हाड आत दबलं ते दबलं. अंगठा टेकवावा एवढा खड्डा तिथं कायमचा राहिला.

सगळे म्हणाले, डोळा वाचला. कसा वाचला याचं उत्तर अम्मीकडं होतं. दवाखान्यातून आल्या आल्या तिनं मीठ-मिरच्या तुझ्यावरून ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या होत्या. निखारे दिले होते नरसम्मानं, तुमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, अम्मीबरोबर एका पायरीवर बसून विड्या वळणाऱ्या नरसम्मानं. मिरच्या जळाल्या आणि कुणालाच ठसका आला नाही. ठसका आला नाही म्हणजे नजर जबर लागली, हे आपल्या कुंभारीच्या वसाहतीत मराठी बोलणाऱ्या, तेलुगू बोलणाऱ्या आणि तुमच्यासारख्या दखनी बोलणाऱ्या सगळ्या बायकांना सारखंच मान्य आहे. अम्मीनं पुन्हा ओवाळल्या, पुन्हा टाकल्या. तेव्हा कुठं सगळी चाळ खोकली. मीही खोकले होते, आठवतंय मला. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना अम्मी विसरली, तो ठसका मात्र विसरली नाही.

त्या खड्ड्याबद्दल कुणी विचारलं की तू दर वेळी नवीन उत्तर द्यायचीस. सातवीत नव्या बाईंना सांगितलंस, विमानातून पडले. पुढं घराच्या समोरच्या खोलीत पार्लर काढल्यावर गिऱ्हाइकांना सांगायचीस, सासूनं लाटणं मारलं; लग्न झालं नाही म्हणून काय झालं, सासू आधी भेटली. एका नवरीच्या मावशीला तू अगदी गंभीर चेहऱ्यानं पटवलंस की हल्ली पुण्याकडं ही फॅशन आहे, आणि ती बाई लग्न लागेपर्यंत अक्षतांऐवजी तुझ्या कपाळाकडं बघत राहिली. मी हसून हसून थकायचे. मला वाटायचं, तू त्या खड्ड्याला कधीच जिंकलं आहेस.

म्हणून या वर्षी तू “संध्या, मी खड्डा भरून घेणारे,” म्हणालीस तेव्हा मला ती पण एक थट्टाच वाटली. तू पुढं म्हणालीसही, “सोलापुरातला एक तरी खड्डा भरंल की.” पण तू खरंच चौकशी करून आली होतीस. शहरातल्या एका दवाखान्यात तुला सांगितलं होतं की पोटाची थोडी चरबी सुईनं ओढून काढायची, ती धुऊन गाळून घ्यायची आणि कपाळात भरायची. थोड्या वेळाचं काम, त्याच दिवशी घरी. तू खूश होतीस. पोट कमी, कपाळ जास्त, दोन्हीकडनं फायदा, असं म्हणत होतीस. आणि मी काही विचारायच्या आत तिथं ऐकलेलं तू मला तसंच्या तसं ऐकवलंस: बाटलीत मिळणारं जेल बाहेरचं असतं, ते अंगाला मानवेल न मानवेल. ही आपली स्वतःची चरबी. आपलीच वस्तू आपल्याला काय करणार?

मला ते पटलं नव्हतं, पण माझं कारण वेगळं होतं. तुझ्या दातात दोरा होता, म्हणून मी धीर करून बोलले. म्हणाले, तो खड्डा म्हणजे तूच आहेस. तो गेला तर तुला ओळखायचं कशानं?

तू माझी एक भुवई अर्धी ठेवून दोरा काढलास.

“तुला ओळख पटावी म्हणून माझं कपाळ फुटायला पाहिजे व्हय?”

मग तू मला खुर्चीवरून उठवलंस, आरशासमोर उभं केलंस आणि माझ्या मागं येऊन उभी राहिलीस. म्हणालीस, बघ, अशी दिसते नवरी आणि तिच्या खांद्यावरून अशी दिसते मी. दिवसभर. लग्नसराईत तर सकाळपासून. नवरी स्वतःला बघते आणि मग तिची नजर हळूच वर सरकते. कुणी विचारतं, कुणी विचारत नाही. विचारत नाही ते जास्त वाईट. आणि शेवटी अगदी साध्या आवाजात म्हणालीस, “उत्तरं संपली गं माझी. नवीन सुचंना झालीत.”

तू विचारलंस, “तुझ्या कपाळावर असता तर?” मी काही बोलले नाही. तू दोरा पुन्हा दातात धरलास आणि राहिलेली भुवई पुरी केलीस. आपलं भांडण तिथंच राहिलं. रक्तवाहिनी हा शब्द त्या दिवशी आपल्या दोघींच्याही तोंडी आला नाही. यायचं काही कारणच नव्हतं. आपण दोघी कातडीबद्दल बोलत होतो.

दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी तू निघालीस तेव्हा नरसम्मा पायरीवर मांडीत विड्यांचं सूप घेऊन बसली होती. तिनं नेहमीसारखं तिच्या तेलुगू वळणाच्या मराठीत विचारलं, “कुटं निघालंय पोरगी? लई छान दिसतंय आज.” तू म्हणालीस, “उद्यापासून बघाया पैसे पडतील हां नरसम्मा.” नरसम्मा हसली, अम्मी हसली. अम्मीनं हे मला नंतर इतक्या वेळा सांगितलं आहे की मी तिथं असल्यासारखं मला ते दिसतं.

पुढचं मला तू स्वतः सांगितलंस, तुटक तुटक. भुवईच्या वर सुई गेली, थोडं भरलं, आणि एकाएकी डोळ्याच्या मागं कुणी सुरी फिरवावी तशी कळ आली. अंधार झाला. तू तिथल्या लोकांना तसं बोलून दाखवलंस. त्यांनी सांगितलं, बधिर केल्यामुळं होतं, सूजही असते, संध्याकाळपर्यंत उतरेल. कपाळावर आणि त्या डोळ्यावर पट्टी बांधून थोडा वेळ तुला पडून राहायला लावलं आणि मग जाऊ दिलं. तू एकटी वडापच्या, माणसं भरून नेणाऱ्या रिक्षात बसून कुंभारीपर्यंत आलीस. वाटेत एकदा उलटी झाली. घरी आल्यावर अम्मीला हाक मारण्याआधी तू पार्लरमध्ये गेलीस, आरशासमोर बसून पट्टी सोडलीस आणि खड्डा भरला का हे नीट दिसावं म्हणून डावा डोळा झाकलास. आरशात काहीच नव्हतं.

तू अम्मीला हाक मारलीस. तोवर जीभ जड झाली होती. तू म्हणालीस, “अम्मी, नजर...” आणि पुढचा शब्द नीट फुटला नाही.

या शब्दाशी मी इतके दिवस एकटी बसून आहे. आपल्याकडं नजर जाते आणि नजर लागतेही. तुमच्या घरच्या बोलीतही तेच, नजर गई आणि नजर लगी. पुढचा शब्द गळला तर ऐकणारा स्वतःकडचा शब्द तिथं ठेवतो. अम्मीकडं कुठला होता? हेच कपाळ, हाच डोळा, आणि एकदा आपण मिरच्या टाकून तो वाचवला होता, एवढंच तिच्याकडं होतं. सकाळीच नरसम्मा छान दिसतेस म्हणाली होती. अम्मीनं क्षणभरही वेळ घालवला नाही. वेळ घालवू नये म्हणूनच ती मिरच्या आणायला धावली.

आता चूल नाही. तिनं गॅसवर तवा ठेवला. मिरच्या काळ्या पडल्या तरी ठसका येईना. तिनं तुला पलंगावर निजवलं, पुन्हा ओवाळलं, पुन्हा टाकलं. मध्येच मला फोन केला. म्हणाली, परवीन तुझं नाव घेते आहे, तिला लई नजर लागली आहे, शाळा सुटली असेल तर येऊन जा. आवाजात घाई होती, भीती नव्हती. काय करायचं ते तिला ठाऊक होतं आणि ती ते करत होती.

मी तुमच्या दारात पाऊल ठेवलं आणि मला जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. अम्मी माझ्याकडं वळली आणि तिचा चेहरा उजळला. “आया ठसका,” ती म्हणाली. “उतरी. उतरी, बेटा.” मी पाणावल्या डोळ्यांनी तुझ्याकडं पाहिलं. तू उजवा हात माझ्याकडं केलास. डावा हात पलंगावर पडला होता, दुसऱ्या कुणाचा तरी तिथं राहून गेल्यासारखा. तोंड एका बाजूला घसरलं होतं.

नरसम्माच्या मुलानं रिक्षा काढली. अम्मी घर लावून मागून येणार होती, म्हणून रिक्षात मागं आपण दोघीच होतो. तुझं डोकं माझ्या मांडीवर. तू बोलत राहिलीस, शब्द विरघळत होते, पण डोकं चालत होतं. दवाखान्यातलं सांगितलंस, रिक्षातली उलटी सांगितलीस, आरशाचं सांगितलंस. आणि मग हसलीस. अर्ध्याच तोंडानं, पण ते हसणंच होतं, मी दुसऱ्या कशाला हसणं म्हणणार नाही.

“मी नजर गेली म्हनत होते. अम्मी मिरच्या आनाया गेली.”

थोड्या वेळानं म्हणालीस, “तिला सांगू नको हां. मरंल ती.”

मी मान हलवली. तुला ती दिसली की नाही, कुणास ठाऊक. तुझा दिसणारा डोळा माझ्या पदराकडं होता.

इस्पितळात त्यांनी धावपळ केली. कुणी कसूर केली असं मी म्हणणार नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की चरबी रक्तवाहिनीत गेली आहे, डोळ्याची वाहिनी बंद झाली आहे आणि मेंदूकडं जाणारीही. सूज वाढत गेली. तू आधी बोलायची थांबलीस, मग बोट दाबायची थांबलीस. आणखी काही दिवस तुझी छाती वरखाली होत राहिली, ती यंत्रानं. मग तेही संपलं.

तुला आंघोळ घालायच्या वेळी अम्मीनं मला खोलीत थांबू दिलं. मी कोपऱ्यात उभी होते. अम्मीनं तुझ्या कपाळावरून ओला हात फिरवला आणि तिचा हात भुवईपाशी थांबला. तिथं तिच्या बोटांना ठाऊक असलेली जागा नव्हती. सुजेनं म्हण, चरबीनं म्हण, कपाळ सपाट झालं होतं. अम्मी एवढंच म्हणाली, “भर गया.” आणि पुढचं पाणी ओतलं.

त्यानंतर मी वाचत बसले. दुसरं मला काय येतं? तुला आवडलं नसतं, पण सांगते, थोडक्यात. कपाळातल्या आणि भुवईजवळच्या बारीक वाहिन्या डोळ्याच्या मागच्या वाहिनीला जोडलेल्या असतात. सुईचं टोक चुकून एखादीत शिरलं आणि मागून जोर पडला तर चरबीचा थेंब रक्ताच्या उलट दिशेनं मागं ढकलला जातो, थेट डोळ्याच्या मुळाशी. दाब सुटला की रक्त पुन्हा पुढं धावतं आणि तो थेंब आपल्याबरोबर नेतं, डोळ्याकडं, कधी मेंदूकडं. क्वचित होतं हे. पण कपाळ, भुवयांमधली जागा, नाक इथं धोका जास्त, आणि जिथं आधी मार लागून व्रण झालेला असतो तिथं वाहिन्या चिकटलेल्या असतात, सुईपासून सरकून बाजूला होत नाहीत. आणि तुझं ते आवडतं वाक्य, आपलीच वस्तू आपल्याला काय करणार. परवीन, त्या बाटलीतल्या जेलमध्ये एक जात अशी असते की चुकून वाहिनीत गेली तर तिला विरघळवायचं औषध निदान असतं. दर वेळी उपयोग होतोच असं नाही, पण असतं. आपल्या चरबीला विरघळवणारं काही नाही. ती आपली असते म्हणूनच टिकते. हे तुला सुई टोचायच्या आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. तू तरीही हो म्हणाली असतीस कदाचित. पण मग तो तुझा निर्णय झाला असता, आणि डोळ्यात कळ आल्याबरोबर तू पट्टी बांधून घेतली नसतीस, तशीच उठून मोठ्या इस्पितळात गेली असतीस.

लोक बसायला येतात आणि जाताना दारात हळू आवाजात म्हणतात, हौसेपायी गेली पोरगी. काय कमी होतं? मला राग येतो. तुझ्या आरशासमोर बसून गोऱ्या, तुकतुकीत होऊन गेलेल्या बायका हे म्हणतात. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला आता देता येतं, उशिरा का होईना. माझ्या कपाळावर असता तर मीही भरून घ्यायला गेले असते, आणि कुणाला सांगितलंही नसतं. तू निदान हसत सांगितलंस. तुझी इच्छा चुकीची नव्हती. लोकांचं बघणं थांबावं एवढीच इच्छा होती ती. आपण दोघी भांडलो त्यात तू बरोबर होतीस. हरले, असं मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही. आता म्हणते.

पण हे सगळं बाजूला. ज्यासाठी लिहायला बसले ते नरसम्माचं आहे.

तू गेल्यानंतर अम्मीनं तिच्याशी बोलणं टाकलं. भांडली नाही, ओरडली नाही. फक्त पायरीवर बसायची बंद झाली. सूप घेऊन आत, तुझ्या पार्लरच्या खोलीत बसून विड्या वळू लागली, पडदा ओढून. नरसम्मानं पाठवलेला डबा झाकणासकट परत गेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला अम्मी सांगायची, निघताना तिनं टोकलं, लई छान दिसतंय म्हणाली, तेवढंच झालं. हळूहळू गल्लीतल्या इतर बायकाही नरसम्मासमोरून लेकरं नेताना त्यांची तोंडं झाकायला लागल्या. नरसम्मा एकटी पायरीवर बसायची. एक दिवस शाळेतून येताना तिनं मला थांबवलं. विडीचं पान कापत होती, वर न बघता म्हणाली, “टीचर, तू शिकलेलं हाय. छान म्हटलं की माणूस मरतंय काय?”

मी म्हणाले, नाही. ती म्हणाली, मग तिला सांग की. आणि पुन्हा पान कापायला लागली.

ज्या रिक्षातून तुला नेलं ती तिच्या मुलाची. ज्या निखाऱ्यावर तुझी पहिली नजर उतरली ते तिच्या चुलीतले. आणि त्या दिवशी तू ‘नजर’ कशाला म्हणालीस हे जगात फक्त मला ठाऊक होतं. मी गप्प राहिले तर तुझा शब्द राहत होता, अम्मी वाचत होती, आणि त्याची किंमत एक म्हातारी पायरीवर बसून मोजत होती. मी बरेच दिवस दोन्हीकडून विचार केला. तू असतीस तर काय म्हणाली असतीस हेही धरून बघितलं. पण तू जे म्हणालीस ते रिक्षात म्हणालीस, तेव्हा नरसम्माचं असं होईल हे तुला कुठं माहीत होतं?

मी गेले तेव्हा दुपार होती. अम्मी तुझ्या खुर्चीच्या पायथ्याशी खाली बसली होती. आरशावर तिनं तुझी ओढणी टाकली आहे. मी समोर बसले. माझ्या भुवया वाढल्या होत्या, अम्मीचं लक्ष तिकडं गेलं. मग तिनंच विचारलं. कदाचित इतके दिवस तिला विचारायचंच होतं.

“रिक्षा में वो क्या बोली गे तेरेकू?”

मी सांगितलं. सगळं, तू सांगितलंस त्या क्रमानं. पट्टी, आरसा, झाकलेला डावा डोळा. म्हणाले, अम्मी, तिला नजर लागली असं ती म्हणत नव्हती. तिची नजर गेली होती. ती तेच म्हणत होती.

अम्मीच्या बोटांत अर्धी वळलेली विडी होती. तिनं ती पुरी वळली, टोक दुमडलं, दोरा बांधला, सुपात ठेवली. हात सवयीनं चालला असेल. मग म्हणाली, “मैं मिरच्यां लाने गई.”

“हो.”

“दो बार जलाई.”

तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. “तुरंत लेके जाती तो बचती थी क्या?”

खोटं बोलायची ती जागा होती. मला खोटं येतही होतं, वाटेभर जुळवत आले होते. पण ती ज्या चेहऱ्यानं विचारत होती त्या चेहऱ्याला खोटं कळलं असतं. मी म्हणाले, डोळा वाचला नसता. तो तर ती शहरातून निघायच्या आधीच गेला होता. त्याला वाचवायला मिळतो तो वेळ इतका थोडा असतो की अर्ध्या वाटेतच तो संपला असणार. “बाकीचं मला माहीत नाही, अम्मी. डॉक्टरांनाही सांगता येत नाही. लवकर पोचलो असतो तर कदाचित. कदाचित तरीही नाही.”

ती सुपातल्या विड्या उगाच सारख्या करत राहिली. मला वाटलं, तू म्हणाली होतीस तसं होणार. मग तिनं विचारलं, “ये बोलते वक्त रो रही थी?”

“नाही. हसत होती.”

“मेरे उपर?”

“हो,” मी म्हणाले. “तुमच्यावरच.”

अम्मीचं तोंड वाकडं झालं. रडण्याआधी तुझंही असंच व्हायचं, आणि हसण्याआधीही. त्यातलं काय येणार ते मला कळेना, तिलाही बहुतेक कळलं नाही, दोन्ही एकदम आलं. पदर तोंडाशी धरून ती तशीच हलत राहिली. “वैसीच थी,” ती म्हणाली. “अम्मी को हँसे बगैर उसका कामच नै होता था.”

मग ती उठली. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू. सूप उचललं, पडदा सारला आणि बाहेर गेली. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. पायरीवर नरसम्मा बसली होती, तिनं मान वर केली नाही. अम्मी तिच्या शेजारी बसली, तिच्या जुन्या जागी. बऱ्याच वेळानं अम्मीनं तिच्या सुपातली कात्री न विचारता उचलली आणि पान कापायला घेतलं.

तर हे असं झालं, परवीन. तू सांगू नको म्हणाली होतीस आणि मी सांगितलं. अम्मी मेली नाही. रात्री तिला झोप लागत नाही, जेवण कमी झालं आहे, एकदा मला म्हणाली की मिरच्यांचा वास आला की तिला उलटी होते. हे सगळं माझ्यामुळं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण ती पायरीवर बसते. नरसम्मा तिला पाणी देते आणि ती पिते. मी बरोबर केलं की नाही, हे मला एका माणसाकडून ऐकायचं आहे, आणि ते माणूस इथं नाही.

माझ्या भुवया वाढल्या आहेत. दुसरीकडं जायला पाय उचलत नाही. आज संध्याकाळी अम्मीकडं गेले, तर तिनं आरशावरची ओढणी काढून घडी घातलेली होती. मी तुझ्या खुर्चीत बसले. मान मागं टाकली, डोळे मिटले, दोन बोटांनी कपाळ ताणून धरलं. मला जे बोलायचं होतं ते सगळं बोलून झालं आहे.

आता दोरा काढ तोंडातला, आणि बोल काय बोलायचंय ते.